पाटीवरची अक्का

आमच्या गल्लीत पुन्हा टँकर यायला लागला आहे. लातूरकरांना यात नवीन काही नाही. मधली काही वर्षं नळाला बरं पाणी होतं, तेव्हा आम्ही टँकरला विसरलो होतो. टँकर आम्हाला विसरला नव्हता. कोपऱ्यावर वळताना तो हॉर्न देतो आणि गल्लीतल्या सगळ्या घागरी एकदम धावत सुटतात. त्यातच पेपरात परत बातमी आहे, उदगीरचा वेगळा जिल्हा होणार. अशी बातमी अधूनमधून येते आणि जाते. पण दुष्काळ आणि नवा जिल्हा हे शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी दिसले की मला टर्पेंटाइनचा वास येतो. खरंच येतो, नाक चोळलं तरी जात नाही. त्या वासामागोमाग माझी धाकटी जाऊ महानंदा येते, पदर खोचलेला, मनगटापर्यंत निळा रंग लागलेला, आणि माझ्या पोटात दुखायला लागतं.

हे पोटदुखीचं आधीच सांगून टाकते. या वयात झाकून काय करायचं? लोक तिला मराठवाड्यातली पहिली जाहिरातवाली बाई म्हणतात, सत्कार करतात, शाल पांघरतात. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. टाळ्या खऱ्या असतात आणि जळफळाटही खरा असतो. दोन्ही एका वेळी जमतं. जावाजावांना ते कुणी शिकवावं लागत नाही.

मी नांदेडची. माझे वडील शाळेत चित्रकलेचे मास्तर होते आणि अक्षराच्या बाबतीत फार कडक. बोरूनं कित्ता गिरवून घ्यायचे, आणि ‘अ’ची खालची शेपटी जराशी जास्त वळली तरी पान परत करायचे. मी मात्र हट्टानं ती वळवायचीच. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि म्हणाले, ‘‘असू दे, तुझा ‘अ’ तुझाच.’’ तेवढा एक ‘अ’ घेऊन मी लातूरला सासरी आले. सासरी भांड्यांचं दुकान होतं आणि अक्षराचा उपयोग पातेल्यांवर नावं टाकण्यापुरता होता. तेही काम मशीन घेऊन बाहेर ओट्यावर बसणारा माणूस करायचा. लग्नाच्या भांड्यांवर तो ‘सप्रेम भेट’ इतकं वाकडं कोरायचा की मला त्याच्या हातातली सुई ओढून घ्यावीशी वाटे.

घरात मला ‘मोठी सूनबाई’ म्हणत. मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि उदगीरची महानंदा आली. उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि माझ्यासमोर वाकून म्हणाली, ‘‘अक्का, मला काय येत न्हाई बरं का. तुम्हीच सांबाळून घ्या.’’ उदगीरकडं कानडीचा शेजार, तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची पद्धत. तिनं म्हटलं म्हणून दीर म्हणाले, दीर म्हणाले म्हणून पोरं म्हणाली, आणि आठ दिवसांत गल्लीही म्हणायला लागली. सूनबाईची अक्का झाले. मला ते नाव फार आवडलं होतं. कुणी हाक मारली की मी मुद्दाम ओ द्यायला जरा उशीर करायची, म्हणजे ती हाक दोनदा ऐकू यायची.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. सकाळी उठून बघतो तर गाव तेच, धूळ तीच, पण आता साहेब लोक इथंच बसणार, कचेऱ्या इथंच येणार. गावाला मिसरूड फुटल्यासारखं झालं होतं. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, आणि पावसानं दडी मारली. पुढचा उन्हाळा मला अजून घशात जाणवतो. विहिरींचा तळ दिसू लागला, बोअरमधून नुसती हवा यायची, आणि आमच्या दुकानात स्टीलच्या डब्यांवर धूळ साचत असताना घागरी मात्र दुपारपर्यंत संपून जायच्या. माणसाच्या घरात पाणी नसलं की तो आधी भांडं घेतो, हे मी तेव्हा पाहिलं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी महानंदा दुकानात जेवणाचा डबा द्यायला गेली आणि परत आली ती डोळे चमकवतच. म्हणाली, ‘‘अक्का, आपल्या दुकानाच्या पाटीवर काय लिवलंय?’’

‘‘नाव, दुसरं काय?’’

‘‘त्याच्या खाली?’’

‘‘लातूर, जिल्हा उस्मानाबाद.’’

‘‘हाव! अन् आता आपला जिल्हा कोणता?’’

एवढं बोलून ती हसायला लागली. मला वाटलं ऊन लागलं हिला. पण तिनं दुसऱ्या दिवशी बाजारातून एक चक्कर मारली आणि येऊन सांगितलं की किराणा, कापड, सोनं, खतं, सायकल, सलून, सगळ्या गावाच्या पाट्यांवर जिल्हा उस्मानाबादच आहे. गाव जिल्ह्याचं झालं होतं, पण पाट्यांना कुणी कळवलंच नव्हतं. हे रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, माझ्याही होतं. मी तर अक्षरांकडे बघत बघतच रस्त्यानं चालते. मला प्रत्येक पाटीवरची वेलांटी कुठं चुकली ते सांगता आलं असतं. पण हे तिला दिसलं. इथून माझी पोटदुखी सुरू होते.

तिनं एका पेंटरला गाठलं. रशीदभाई नाव. भिंती रंगवून पोट भरणारा माणूस, पण भिंतीच्या रंगात पाणी कालवावं लागतं आणि पाणी कोण देणार, म्हणून हातावर हात ठेवून बसलेला. तेलाच्या रंगाला पाणी लागत नाही. टिनाची पाटी, तेलाचा रंग आणि टर्पेंटाइन. महानंदा त्याला म्हणाली, ‘‘भिंती ऱ्हाऊ द्या, पाट्या करू.’’ आणि ही बाई, लग्नाला धड चार वर्षंही झालेली नव्हती, डोक्यावर पदर घेऊन दुकान-दुकान फिरायला लागली. त्या काळी बाजारात बाई यायची ती गिऱ्हाईक म्हणून. दुकानदाराला काही विकायला आलेली बाई कुणी बघितलीच नव्हती. त्यामुळे आधी सगळे उठून उभे राहायचे, पाणी नसल्यामुळे चहा मागवायचे, आणि मग ही बोलायला लागायची.

मी एकदा तिच्याबरोबर कापड दुकानात होते. जिल्हा नुसता खोडून टाका, पुरे, असं ते शेठ म्हणत होते. महानंदा त्यांना म्हणाली, ‘‘मामा, लगीन होऊन वर्ष झालं तरी पोरगी म्हायेरचंच आडनाव लावून राहिली, तर सासरचे लोक काय म्हणतील हो? अन् खोडून ठिवलं तर मग ती कुणाचीच न्हाई.’’

शेठ खो खो हसले. पाटी नवीन करायची ठरली. ‘लातूर, जि. लातूर’. आपल्याच गावाचं नाव दोनदा वाचायला लोकांना त्या वेळी इतकं गोड लागत होतं की काही जण पाटीसमोर उभे राहून मोठ्यानं वाचायचे.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. सासूबाई निजामाच्या काळातल्या. जाहिरातीला त्या इश्तेहार म्हणायच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘इश्तेहारचं काम कराया लागली म्हण की. मग सैपाक कोण करून राहिलं?’’

‘‘मी.’’

‘‘मग ठीक हाय,’’ असं म्हणून त्या जपाला बसल्या. मला वाटलं होतं त्या तिला रागावतील. झालं असं की दोन्ही वेळच्या भाकरी माझ्या वाट्याला आल्या.

अक्षर मात्र माझं होतं. रशीदभाईंचा हात चांगला, पण ते भिंतीवरच्या जाहिरातींचं जाड, फुगलेलं अक्षर काढायचे. महानंदेला ते नको होतं. ती स्वयंपाकघरात खाकी कागदाची गुंडाळी घेऊन यायची. मी भाकरी थापत असले तर हात धुवायला लावायची, तेही वाटीभर पाण्यात, आणि म्हणायची, ‘‘अक्का, ‘लातूर’ लिवून द्या की. असं मोठ्ठं. तुमच्या ‘अ’सारख्या शेपटीचं.’’ मी लिहून द्यायची. मग त्या कागदाला अक्षराच्या कडेनं टाचणीनं भोकं पाडायची, कागद टिनावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की टिनावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटायचं. रशीदभाई त्याला खाका म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पिठाच्या डब्यावर, देवाच्या कोनाड्यात, माझ्या नाकाच्या शेंड्यावर, सगळीकडे कोळशाची भुकटी असायची. अंघोळ एक दिवसाआड. आरशात बघितलं की हसू यायचं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार चांगले होते. दुपारी आम्ही दोघी जमिनीवर पालथ्या पडून अक्षरं काढायचो. बाहेर रस्ता इतका तापलेला की कुत्रीसुद्धा नाल्याच्या कोरड्या पाइपात जाऊन बसायची. ती सांगायची कोणत्या दुकानदारानं काय म्हटलं, मी तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायची. आणि रोज, अगदी रोज, मी एका प्रश्नाची वाट बघायची. आज ही म्हणेल, ‘अक्का, येता का माझ्यासंगं?’ एवढंच. मी लगेच हो म्हणाले नसते. आधी सासूबाईंचं कारण सांगितलं असतं, मग पोरांचं, मग म्हणाले असते, बघू. पण तिनं विचारायला हवं होतं. थोरलीनं धाकटीला ‘मला तुझ्या कामावर घे’ म्हणायचं नसतं. तशी जीभ वळतच नाही. मी ‘लातूर’ लिहीत राहिले.

त्यातच एक दिवस तिनं कागद पुढं केला आणि म्हणाली, ‘‘आज ‘अक्का’ लिवा.’’

मी हसले. ‘‘कशाला?’’

‘‘लिवा तर. अशी ऐटदार.’’

मी जीव ओतून लिहिलं. माझंच नाव, माझ्याच अक्षरात, चांगलं दोन वीत मोठं. ‘अ’ची शेपटी मनासारखी वळली. वडिलांनी बघितलं असतं तर एकदाही पान परत केलं नसतं. मला वाटलं, वाढदिवस वगैरे काही असेल, पोरांनी काही ठरवलं असेल.

पंधरवड्यानं आमच्या दुकानाच्या माडीवर जिन्याशेजारी एक पाटी चढली. आमच्या दुकानाची जुनी पाटी कापून तिच्या मागच्या बाजूवर केलेली. पिवळ्यावर निळं. ‘अक्का पब्लिसिटी. लातूर, जि. लातूर.’

मी रस्त्यात उभी होते. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पूजेला मलाच पुढं केलं. थोरली म्हणून पाटीला हळदकुंकू मीच लावायचं होतं. मी माझ्या नावाला कुंकू लावलं, नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे महानंदेकडे वळून म्हणाले, ‘‘अभिनंदन, अक्का!’’

कारण उघड होतं. पाटीवर अक्का आहे आणि पाटीखाली ही बसली आहे, तर अक्का हीच. लोक वाचतात तेच म्हणतात. गाव तिला अक्का म्हणू लागलं. दुकानदार, पेपरवाले, टॉकीजवाले, कचेरीतले शिपाई. माझीच पोरं तिला ‘अक्का काकू’ म्हणायला लागली. दारात कुणी येऊन ‘अक्का आहेत का?’ विचारलं आणि मी पुढं झाले, की तो माझ्या खांद्यावरून आत बघायचा. मी परत मोठी सूनबाई झाले. नाव तिनंच दिलं होतं आणि तिनंच नेलं, तेही माझ्याकडूनच लिहून घेऊन. तिच्या एकाही पाहुण्याला मी त्यानंतर मनापासून चहा केलेला नाही. आलं घालायचीच नाही.

माडीवरच्या तिच्या ऑफिसच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसायची. दुसरीवर कुणालाही बसू देत नसे, गिऱ्हाइकासाठी बाजूला बाकडं होतं. कुणी विचारलं, ‘‘मालक कुठं हायेत?’’ तर म्हणायची, ‘‘मालक घरी हायेत. येतील.’’ सगळ्यांना वाटायचं, दीर येतील. बाईमाणसाला एकटी समजून कुणी भाव पाडू नये म्हणून केलेली ही चलाखी आहे, असं मी धरून चालले. हुशार होतीच ती. तिच्या हुशारीचा मला जितका राग यायचा तितका कुणाच्या मूर्खपणाचा आला नाही.

मग टँकरचा प्रकार झाला. कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार याचा पत्ता नसायचा, बायका दिवसभर रांगेत, भांडणं, झिंज्या धरणं. गावच्या कारभाऱ्यांनी महानंदेला सांगितलं, रिक्षावर भोंगा लावून पुकारा करा. पुकाऱ्याचा मजकूर मी लिहिला होता. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, एकही चूक नाही. मी रांगेत घागर घेऊन उभी आणि रिक्षा आली. भोंग्यातून बाईचा आवाज आला, तोच गावाला नवा. आणि ती काय म्हणत होती? ‘‘अवो मावशे, अवो वहिनी, टँकर मारुतीच्या पारापाशी येऊन राहिलाय. लई येळ न्हाई लागायचा. भांडू नका. लेकराच्या घागरी आधी भरू द्या, मग आपल्या.’’

माझा एक शब्द तिनं वापरला नव्हता. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात काही राम नव्हता. पण रांगेतल्या बाया हसल्या, सरकल्या, आणि एका म्हातारीनं पुढच्या पोराला जागा दिली. मला माझा ‘कळविण्यात येते की’ आठवला आणि मी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. माझा आवाज तिच्यापेक्षा चांगला आहे. आजही आहे.

पाऊस पुढच्या वर्षी झाला, पण महानंदेचं काम काही थांबलं नाही. टॉकीजमध्ये मध्यंतराला काचेवरच्या स्लाइड तिच्या, कॅलेंडरं तिची, उद्घाटनाच्या जाहिराती तिच्या. मोठमोठी माणसं येऊन म्हणायला लागली, आमचा जनसंपर्क बघा. तिनं घरी येऊन मला विचारलं, ‘‘अक्का, जनसंपर्क म्हंजे लोकायशी बोलायचं, एवढंच ना? त्याला पैसे देतेत म्हणे. मी तर जन्मापासून फुकट बोलून राहिले.’’ मी म्हटलं, हो, तुला कोण थांबवणार? ती हसली. माझे टोमणे तिला कधी लागतच नाहीत. कदाचित तिला ते टोमणे वाटतच नसतील.

माहेरी जायची सोय तेवढी उरली होती. तर एस.टी.च्या खिडकीतून कंधारच्या फाट्यावर पाटी, पुढं रसवंतीवर पाटी, खताच्या दुकानावर पाटी, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ‘अक्का पब्लिसिटी’, माझ्याच खाक्यावरून काढलेला माझा ‘अ’ शेपटी वळवून बसलेला. मुखेडच्या बाजाराला गेले तर तिथं तिच्या रिक्षाचा भोंगा. अर्धापूरच्या केळीच्या गाड्यांवर मागं लिहिलेलं नाव, तेही माझ्याच वळणाचं. वाटायचं, अख्ख्या मराठवाड्यात मी पसरले आहे आणि कुणाला पत्ता नाही. मग तिनं नांदेडला शाखा काढली. माझ्या माहेरात! जगात दुसरी गावं नव्हती का?

वडील तेव्हा निवृत्त झाले होते. काठी टेकत रोज संध्याकाळी फिरायला जायचे. मी घरी गेले होते त्या दिवशी ते फिरून आले आणि दारातच थांबून म्हणाले, ‘‘स्टेशनच्या रस्त्याला एक पाटी लागलीय. अक्षर आपल्या घरचं आहे.’’

मी त्यांच्या हातातली काठी घेतली.

‘‘तुझं दुकान आहे का गं?’’

‘‘नाही. जाऊबाईंचं आहे.’’

ते मग म्हणाले, ‘‘पण नाव तर तुझं आहे.’’

‘‘ते असंच,’’ मी म्हटलं आणि आत जाऊन डोळे पुसले. कांदा नव्हता, काही नव्हतं. वडिलांनी पुढं विचारलं नाही. पण नंतर महिनाभर ते त्याच रस्त्यानं फिरायला जात होते, असं आई सांगायची. मला त्यांचाही राग आला होता. तिच्या पाटीसमोर जाऊन उभं राहायचं काही कारण होतं का?

हे सगळं आता कशाला आठवते आहे, तर टँकरमुळे, उदगीरच्या बातमीमुळे, आणि परवा ती आली म्हणून. तिच्या मुलानं कारभार हातात घेतला आहे आणि नाव बदलायचं ठरवलं आहे. ‘अक्का’ फार गावठी वाटतं म्हणे. आता दोन इंग्रजी अक्षरं आणि खाली दिवे. जुनी टिनाची पाटी उतरवली. ती महानंदेनं रिक्षात घालून माझ्याकडे आणली. गुडघे दुखतात तिचे, तरी पाटीचं एक टोक स्वतः धरलं होतं. रिक्षावाल्यानं पाटी भिंतीला टेकवली आणि विचारलं, ‘‘अक्का, ठीवू का हितंच?’’ तिलाच विचारलं. मी माझ्याच दारात उभी होते.

तो गेल्यावर ती खाली बसली, पदरानं घाम टिपला आणि म्हणाली, ‘‘घ्या. तुमची पाटी तुम्हाला.’’

इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. मी म्हटलं, ‘‘आता आणून देतेस होय? नाव वापरून वापरून झिजवलंस आणि मग परत? माझं नाव घेतलंस, अक्षर घेतलंस, आणि मला एकदा, एकदा तरी म्हणालीस का, अक्का, येता का?’’

टँकर कोपऱ्यावर वळत होता, त्याचा हॉर्न वाजला, शेजारच्या बायका धावल्या. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

‘‘अक्का,’’ ती म्हणाली, ‘‘मी धाकटी. तुम्हाला कामावर चला म्हणले असते तर गावानं काय म्हटलं असतं? धाकटीनं थोरलीला नोकर ठिवलं. सासूबाईंनी मला उभी जाळली असती. मग मी काय केलं? पाटीवर नाव कोणाचं असतंय? मालकाचं. मी मालकाचं नाव लिवलं. खुर्ची ठिवली. लोक इचारायचे मालक कुठं हायेत, मी सांगायची, घरी हायेत, येतील. मी वाट बघून राहिले. तुम्ही आल्याच न्हाई.’’

‘‘तू बोलावलं नाहीस.’’

‘‘एवढ्या मोठ्ठ्या अक्षरात बोलावलं की वो. अख्ख्या गावानं वाचलं. तुम्हीच वाचलं न्हाई.’’

मी चहा केला. आलं घातलं. तिनं फुंकर मारत तो प्यायला आणि जाताना दारापुढच्या पायऱ्यांचा कठडा धरून म्हणाली, ‘‘उदगीरचा जिल्हा होऊन राहिला म्हणे. लई पाट्या बदलाव्या लागतील.’’ मग जरा थांबली, माझ्याकडे वळून बघितलं आणि पहिल्यांदा विचारलं, ‘‘येता का?’’

दोन म्हाताऱ्या, तिचे गुडघे, माझा मोतीबिंदू. आम्ही हसलो. पण मी उत्तर दिलं नाही, आणि तिनं ते सोडूनही दिलं नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्यावर एकदा परत मागं वळून बघितलं तिनं.

पाटी अजून भिंतीलाच टेकलेली आहे. मागच्या बाजूला आमच्या दुकानाचं अर्धं नाव आणि ‘जि. उस्मानाबाद’ तसंच आहे. पुढची बाजू मी ओल्या फडक्यानं पुसली, टँकरच्या पाण्यात फडकं जेमतेम भिजवून. निळा बराच उडाला आहे. ‘अ’ची शेपटी शाबूत आहे.

महानंदेवर जळणं सोपं होतं. ती समोर दिसायची, तिच्या पाहुण्यांच्या चहात आलं घालायचं नाही म्हटलं की जरा बरं वाटायचं. पण परवापासून मला दुसरीच बाई दिसते आहे. तिचं नाव पाटीवर आहे, तिची खुर्ची ठेवलेली आहे, ती जिना चढून वर येते, खुर्चीवर बसते, महानंदेचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते, मुखेडच्या बाजारात भोंग्यात बोलते, नांदेडला वडिलांना हाताला धरून पाटीसमोर नेते आणि सांगते, होय, माझंच आहे. ती बाई मीच होते, आणि तिच्यावर जळते आहे तितकी मी आयुष्यात कुणावर जळले नाही.